कुणाचा तरी पुत्र

फार जुनी गोष्ट. गोदाकाठच्या एका राज्यात राजाच्या नावाआधी त्याच्या आईचं नाव लावायची रीत होती. म्हणून तिथला राजा शांडिलीपुत्र वज्रकर्ण. एकदा तो राणीशी भांडणात हरला आणि रागारागाने त्याने दवंडी पिटवली, "उद्यापासून दरबारात जो बाईचं नाव घेईल, त्याची अर्धी मिशी भादरू!"

भालदार नंदिल घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. राजाच्या नावाची ललकारी त्यालाच द्यायची होती, आणि मिशी तर जीव की प्राण! नवी नवरी सुलसासुद्धा त्या मिशीवरच भाळली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, आईचं नाव तेवढं गाळा की."

सकाळी नंदिल गरजला, "कुणाच्या तरी पुत्राची, वज्रकर्ण महाराजांची स्वारी येतेय होऽऽ!"

दरबार फिसकन हसला. राजा लालबुंद झाला. "कुणाच्या तरी? अरे गाढवा, शांडिलीचा पुत्र आहे मी, शांडिलीचा!"

तेवढ्यात नवऱ्यामागोमाग येऊन खांबाआड उभ्या राहिलेल्या सुलसेचा नाजूक आवाज आला, "महाराज, नाव दोनदा घेतलंत. मग न्हाव्याला पूर्णच उतरवायला सांगू ना?"

दवंडी तिथल्या तिथे रद्द झाली. मिशा वाचल्या, दोघांच्याही.