हलगीत न बसलेला शब्द

लहान असा की मोठे, नीट बसून ऐका. फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा शहराला तट होता, तटाला वेशी होत्या आणि चोरचिलटांचा निवाडा कोतवालाच्या चावडीत होत असे.

त्या चावडीत दवंडीचा एक नाईक होता. हाताखाली हलगीवाले होते, डोक्यावर चावडीचे लाल पागोटे होते. चावडीत काय झाले ते लोकांना सांगायचे आणि लोक काय बोलतात ते कोतवालाच्या कानावर घालायचे, ही त्याची दोन कामे. पहिले काम तो जीव ओतून करी. दुसरे काम त्याला कमीपणाचे वाटे.

आवाज मात्र असा की तो वेशीत ओरडला तर नदीवर धुणे आपटणाऱ्या बायका हात थांबवत. त्याला त्या आवाजाचा गर्व होता. गर्व करावा असाच तो होता.

एकदा देवीचा चांदीचा मुकुट चोरीला गेला. शहर हळहळले. चावडीने देवळावर ठेवलेल्या पहारेकऱ्याने सांगितले, "संध्याकाळी तेली समईला तेल घालायला आला होता. गाभाऱ्यापाशी उगाच घुटमळत होता." कोतवालाने तेल्याला आणून बसवले आणि नाइकाला हुकूम केला, "लोकांना सांगा, संशयावरून तेल्याला चौकशीला धरलं आहे."

नाइकाने बाहेर येऊन ते वाक्य हलगीवर म्हणून पाहिले. 'संशयावरून चौकशीला' काही केल्या ठेक्यात बसेना.

हलगीवाला हसला. "नाईक, ही दवंडी नाही, पुराण झालं. भर बाजारात एवढं ऐकायला कोण थांबतंय?"

नाइकाने ते दोन्ही शब्द टाकले आणि एक आपल्या पदरचा घातला. मग दवंडी कशी झडझडून निघाली.

"ऐका हो ऐका! मुकुटाचा चोर धरला! घाण्यावरचा तेली, चावडीनं धरला!"

चौकाचौकांत माणसे जमली. वाहवा झाली. कोतवालानेही सज्जातून ऐकले. हुकुमातला शब्द गळला आहे, हे त्याच्या ध्यानात आले. पण चावडीचे नाव होत होते. त्याने दवंडी तशीच चालू दिली.

पुढे चौकशी झाली. समईला तेल घालून तेली थेट बहिणीच्या गावी गेला होता; चोरीची सारी रात्र तो वेशीबाहेरच होता. तिथल्या चार शहाण्या माणसांनी येऊन तसे सांगितले. कोतवालाने त्याला सोडले. पण चावडीचा रिवाज असा होता, की धरला त्याची दवंडी पिटायची आणि सुटला त्याला मागच्या दाराने गुपचूप वाटेला लावायचे.

तेली नाइकाच्या दारात येऊन उभा राहिला.

"नाईक, आता मी सुटल्याची दवंडी द्या."

"सुटलास ना? मग घरी जा. तशी दवंडी देत नाहीत. रिवाज नाही."

"माझ्याकडं कुणी तेलाची बुधली घेऊन फिरकत नाही. देवळानं माझं तेल बंद केलं. माझी बायको विहिरीवर गेली की बाकीच्या बायका घागरी उचलून चालू लागतात."

"विसरतील लोक."

"तुमचा आवाज कोण विसरतंय, नाईक?"

नाइकाला आधी ती स्तुतीच वाटली. तेली गेल्यावर मात्र ती त्याला बोचू लागली.

मुकुट अजून सापडला नव्हता. कोतवालाने दुसरी दवंडी द्यायला लावली. ज्याने काही पाहिले असेल त्याने चावडीत येऊन सांगावे. नाइकाने घसा फोडला. चिटपाखरू आले नाही.

कोतवाल चिडला. "लोक का बोलत नाहीत? लोकांच्या मनात काय आहे, हे मला कोण सांगणार? तुमचंच काम ना ते?"

 त्या दिवशी प्रथमच नाईक हलगी न घेता, पागोटे काखेत मारून, नुसता ऐकायला निघाला.

तेल्याच्या आळीत पोरे खेळत होती. एकाचे हात दोरीने बांधले होते. दुसरा ताटली बडवत नाइकाच्याच सुरात ओरडत होता, "घाण्यावरचा तेली, चावडीनं धरला!"

बांधलेला रडकुंडीला आला. "मला सोडा! मी नाही चोर!"

ताटलीवाला म्हणाला, "नसलास तर नसलास. दवंडी झाली ना!"

नाईक जागच्या जागी थांबला. पुढे पाहतो तो तेल्याच्या दारात गाडी उभी. घाण्याची लाट, ते लांब लाकूड, उपसून गाडीत घातलेली. बायको वर बसलेली. तेली बैल जुंपत होता.

"कुठं निघालास?"

"तुमचा आवाज पोचत नाही तिथं."

नाइकाने पुढे होऊन जू धरले. मग म्हणाला, "उद्याचा बाजार भरेपर्यंत थांब. एवढं माझं ऐक."

तो तसाच कोतवालाकडे गेला.

कोतवाल गरजला, "चावडी चुकली अशी दवंडी? उद्या आपल्याला कोण भिणार?"

"भितात, सरकार. म्हणून तर कुणी सांगायला येत नाही."

"माझा हुकूम बरोबर होता. मी संशय म्हणालो होतो."

"होय. चोर मी म्हणालो. आणि तुम्ही सज्जातून ऐकलंत."

कोतवालाचा चेहरा तांबडा झाला. "जा, सांग. पण पागोटं इथं ठेवून जा."

नाइकाने पागोटे उतरवले, दोन्ही हातांनी चौरंगावर ठेवले आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात तो बोडक्या डोक्याने उभा राहिला. असे डोके माणूस सुतकात दाखवतो. लोक कुजबुजले. हलगीवाल्याने सवयीने हलगी बडवायचे टिपरू उचलले. नाइकाने त्याचा हात धरला.

गर्दीतून कुणी ओरडले, "नाईक, आज हलगी मुकी का?"

"तिच्यापायीच हे झालं," नाईक म्हणाला. "ऐका. तेल्याला संशयावरून चौकशीला धरलं होतं. चौकशी झाली. तो चोर नाही. हुकुमात चोर हा शब्दच नव्हता. तो मी घातला. का, तर तो हलगीत बसत होता."

 ज्या ज्या चौकात आधीची दवंडी दिली होती, त्या त्या चौकात जाऊन त्याने हेच सांगितले. शेवटची दवंडी तेल्याच्या दारात दिली. तेली गाडीच्या चाकाला टेकून ऐकत होता. बायकोने डोळ्याला पदर लावला.

त्याच दिवशी देवळाच्या पायरीवर फुले विकणारी म्हातारी काठी टेकत चावडीत आली.

"मुकुट पहारेकऱ्यानं नेला. घोंगडीखाली घालून नेताना मी पाहिलाय. त्याच्या कडब्याच्या गंजीत बघा."

कोतवाल म्हणाला, "म्हातारे, इतके दिवस तोंड का शिवलं होतंस?"

"पहारेकरी तुमचा माणूस. आणि तेल्याला तुम्ही एका ओळीत चोर केलंत, बाबा. माझं बोलणं तुमच्या ठेक्यात बसलं नसतं तर माझं काय केलं असतंत? आज बाजारात ऐकलं, चावडीला आपली चूक सांगता येते. मग म्हटलं, आता जावं."

गंजीत मुकुट सापडला.

तेल्याने बैल सोडले. देवळाची समई पुन्हा त्याच्या तेलावर पेटली. तरी दोन-तीन घरांनी त्याच्याकडून शेवटपर्यंत तेल घेतले नाही. गेलेले सगळे परत येत नसते.

कोतवालाने पागोटे स्वतः उचलून नाइकापुढे धरले. नाइकाने ते लगेच घेतले नाही.

"आधी रिवाज बदला. सुटला त्याचीही दवंडी होईल. त्याच चौकांत, त्याच वेळी."

"आणि हलगी?" कोतवालाने विचारले.

"सुटल्याच्या दवंडीला ती नको. ती नसली की शब्द नीट ऐकू येतात."

कोतवालाने ते मान्य केले, तेव्हा नाइकाने पागोटे डोक्यावर चढवले. तेव्हापासून त्या शहरात नाईक हलगीशिवाय येताना दिसला की लोक हातातले काम खाली ठेवीत आणि आणखी जवळ येऊन उभे राहत.

बोध एवढाच: ज्या तोंडाने माणसाचे नाव घालवले, त्याच तोंडाने, तेवढ्याच मोठ्याने, ते परत द्यावे.