कासाराने गूळ खाल्ला नाही

घरभाडं देणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची रीत होती, त्या काळची ही गोष्ट. एका गावात एक कासार भाड्याच्या घरात राहत होता.

रीत अशी, की पौर्णिमेला भाडेकरूंनी घरमालकाच्या ओसरीवर जाऊन भाडं द्यायचं आणि मालकाने गूळ पुढे करायचा. भाडेकरूने तो खाल्ला, की घराबद्दल त्याची तक्रार नाही असं सगळ्यांनी समजायचं. नाही खाल्ला, तर पाटलांनी स्वतः जाऊन घर पाहायचं. रीत चांगलीच होती. पण ‘गूळ नको’ म्हणायला धीर लागतो आणि कासार पडला भिडस्त. बायकांना बांगड्या भरताना त्याचं तोंड थांबत नसे. मालकासमोर मात्र त्याची बोलती बंद.

त्याच्या माजघराच्या तुळईला वाळवी लागली होती. दर पौर्णिमेला तो मनाशी ठरवून जाई.

“शेठ, ती तुळई...”

“अरे, आधी तोंड तर गोड कर!”

कासार मुकाट्याने गूळ तोंडात टाकी. मग मालक मिशीला पीळ देत म्हणे, “आता कसली तक्रार? गूळ तर खाल्लास!” ओसरीवरचे लोक हसत. कासारही हसे आणि घरी येऊन स्वतःवरच चिडे.

पुढे कासारणीला मुलगी झाली. बारसं जवळ आलं. पाळणा टांगायला घरात ती एकच तुळई. एके सकाळी कासारणीने तुळईखाली ठेवलेला रिकामा पाळणा पाहिला, तर त्यात लाकडाचा भुसा पडलेला. तिने तो तसाच नवऱ्यापुढे सरकवला.

“अहो, यात लेकीला निजवू? तुम्हीच सांगा.”



पौर्णिमेला त्याने भाडं दिलं. मालकाने गूळ पुढे केला.

“नको, शेठ.”

ओसरीवरचे लोक माना वळवून पाहू लागले.

“नको म्हणजे? लोक बघतायत!”

“बघू देत. भाडं मी दिलंय. पण किडलेल्या तुळईखाली लेकीला निजवणार नाही. आधी तुळई बदला.”

“मग घर सोड माझं!”

बाळंतीण बायको, तान्ही पोर, जायचं कुठे? कासाराला वाटलं, पटकन गूळ खावा आणि सुटावं. त्याचा हात पुढे झालाही. पण तो भुसा त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि त्याने हात मागे घेतला.

“घरही सोडणार नाही आणि गूळही खाणार नाही,” तो म्हणाला.

पाटलांना बोलावणं गेलं. त्यांनी येऊन तुळईला काठीचं टोक टेकवलं, तर ते भाकरीत बोट शिरावं तसं आत गेलं.

“आधी बाळंतिणीला बाहेर काढा!” पाटील ओरडले. मग मालकाकडे वळून म्हणाले, “तुळई बदलेपर्यंत यांचं बिऱ्हाड तुमच्या घरी राहील, शेठ. सुताराचा खर्चही तुमचाच. आणि गूळ नाकारला म्हणून कुणाला घराबाहेर काढता येत नाही, हे ठाऊक आहे ना?”

मालक धुसफुसला. पण तोवर त्याच्याच बायकोने बाळाला उचलून आपल्या घरात नेलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सुतार टेकू लावायला आला. दारात पाऊल टाकतो तोच तुळई कडाडली आणि धाडकन खाली कोसळली. पाळणा टांगायचा होता, बरोबर त्या जागी. घरात कुणीही नव्हतं.

कासार अंगणातच मटकन बसला. वाचलो, वाचलो, असं म्हणत तो रडत होता आणि हसतही होता. मालकाचा चेहरा पांढराफटक पडला.

“कासारा, तू सांगत होतास आणि मी थट्टा करत होतो. चुकलं माझं.”

नवी सागवानी तुळई चढली आणि बारशाला गाव लोटलं. मालकही आला. कासारणीने पाळण्याची दोरी त्याच्या हातात दिली.

“शेठ, आधी तुम्ही लोंबकळून दाखवा.”

एवढा मोठा माणूस, पण बिचारा दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळला! तुळई जरासुद्धा करकरली नाही. बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या आणि मग कासारणीने निर्धास्तपणे लेकीला पाळण्यात घातलं.

तात्पर्य: भाडं देणाऱ्याला धड घर मागायचा पुरता हक्क आहे; त्याने तो भिडेपोटी सोडू नये आणि मालकाने थट्टेवारी नेऊ नये.