लोखंडी गडी आणि पारखीबुवांची सुपारी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा तुमच्या आजोबांचे आजोबा अजून रांगत होते आणि फारसे शहाणेही नव्हते.

एका डोंगराळ राज्यात भिवबा नावाचा म्हातारा सावल्यांचा खेळ करत असे. कातड्याची चित्रं कापायची, पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावायचा आणि सावल्या नाचवत गोष्ट सांगायची, हा त्याचा धंदा. भिवबाच्या गोष्टी देवादिकांच्या, जड अर्थाच्या. एकेका गोष्टीला सात सात अर्थ. सातवा अर्थ येईपर्यंत निम्मं गाव घोरत असे, पण घोरतानाही आदराने मान डोलवत असे. देवीच्या जत्रेत पडदा लावायचा मान तीस वर्षं त्याचाच. आणि जत्रेचा मान ज्याला, त्यालाच वर्षभर आसपासच्या बारा गावांत खेळ मिळत.

मग आला लखू. भिवबाच्याच भाऊबंदांतला, तिशीतला, केसांना फणी न लावणारा गडी. हा सांगे ते अजून न झालेल्या काळाचं. हजार वर्षांनी म्हणे माणसं उडत्या बाजेवर बसून बाजाराला जातील, चंद्रावर नाचणी पेरतील आणि घरकामाला लोखंडी गडी ठेवतील.

लोक खुळावले. एक म्हातारी म्हणाली, "चंद्रावरच्या नाचणीला पाणी कुठनं रे आणतील?"

लखू म्हणाला, "आजी, पुढच्या जत्रेला या. तोवर विहीर खणून ठेवतो."

त्या वर्षी गावाने ठरवलं, एका संध्याकाळी भिवबाचा खेळ, दुसऱ्या संध्याकाळी लखूचा. मान कुणाचा, ते पारखीबुवा सांगतील.

आता हे पारखीबुवा कोण? त्यांच्या आजोबांनी एकदा राजाच्या पंगतीत आमटीला मीठ कमी आहे असं सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं. तेव्हापासून गाय असो, जावई असो, गाणं असो, सगळ्याची पारख त्या घराकडे. खेळ संपला की गाव श्वास रोखून बुवांच्या हाताकडे बघे. बुवांनी सुपारी तोंडात टाकली, की खेळ चांगला. जमिनीवर ठेवली, की वाईट. मग लोक आपापलं मत बनवत. हसताय काय, तुम्ही तरी निराळं काय करता?

भिवबाचा खेळ झाला. सातही अर्थ झाले. दुसऱ्या संध्याकाळी लखूचा पडदा लागला आणि भिवबा मुद्दाम बुवांना खेटून बसला.

बाजा उडाल्या. पोरं किंचाळली. लोखंडी गडी चालताना गाडीच्या चाकासारखा करकरला, तशी म्हातारी माणसंही पोट धरून हसली. भिवबा मनात म्हणाला, नुसता पोरखेळ.

मग चंद्रावरच्या त्या घरात काही भय आलं. माणसं बाजेवर बसून पळाली. मालकीण घाईत गड्याला म्हणाली, "पाळणा हलवत राहा," आणि बाळाला काखेत मारून निघून गेली. गडी रिकामा पाळणा हलवत राहिला. वर्षं गेली. त्याच्यावर गंज चढला, पाळण्याची दोरी तुटली, तरी त्याचा हात हलतच होता. थांब म्हणायला कुणी आलंच नाही.

मांडवात जो तो नाक ओढू लागला. भिवबाने खांद्यावरच्या पंच्याने डोळे टिपले. आणि पहिला थेंब पुरता सुकला नाही तोच त्याला मिरची झोंबली. हे मला का नाही सुचलं? तीस वर्षं सात अर्थ सांगतोय, माझ्या कुठल्या देवासाठी कुणी असं रडलं?

तेवढ्यात बुवा जागे झाले. हो, झोपले होते. झोपून उठलं की शेजारच्याला हळूच विचारायचं, ही त्यांची पारखीची रीत. "कसं काय?" त्यांनी विचारलं.

भिवबा म्हणाला, "बाजा उडवल्या, पोरं हसवली. खोली म्हणाल तर वाटीएवढी. लोक हसतात त्या खेळात अर्थ कसला, बुवा?"

बुवांनी सुपारी जमिनीवर ठेवली. "उथळ," ते म्हणाले.

नाक पुसत बसलेलं गाव घाईघाईने उठलं. जो तो म्हणू लागला, "आम्हालाही तसंच वाटलं होतं."

मान भिवबाकडे राहिला. लखू पडद्यामागून आला आणि त्याच्यापुढे उकिडवा बसला. "बुवांचं ऐकलं. पण काका, तुम्ही जाणते. तुम्हाला कसा वाटला?"

भिवबाच्या जिभेवर खरं आलं होतं. त्याने ते गिळलं. "बुवा म्हणाले ना? अर्थ घाल त्यात."

लखूने वर्षभर खपून अर्थ घातला. पुढच्या जत्रेत पुन्हा पहिली संध्याकाळ भिवबाची, दुसरी लखूची, पण एकही बाज उडाली नाही. पडद्यावर एक उंच साधू उभा राहिला आणि विचारू लागला, "मी कोण? आणि कोण म्हणजे काय?" मध्ये एकदाच हलला, तेही काठी या हातातून त्या हातात घ्यायला.

गाव पेंगलं. भिवबा आधी खुश झाला. मग त्याच्या लक्षात आलं, आपण लोखंडी गड्याची वाट बघतोय. वर्षभर तो गडी त्याच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. स्वतःचे देव नाचवताना त्याचा हात नकळत पाळणा हलवल्यासारखा जाई. खेळ संपला, गडी आलाच नाही.

बुवा जागे झाले. यंदा त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सरळ सुपारी तोंडात टाकली.

"अहो बुवा, तुम्ही झोपला होतात," भिवबा म्हणाला.

"म्हणून तर. लोक हसतात तो खेळ उथळ, हे गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलंत. आज कुणी हसलं का? काल तुमच्या खेळात मात्र एक पोरगी हसली होती, भिवबा."

तीस वर्षांचा मान गेला. भिवबा पडद्यामागे गेला, पण मानाचं काही बोलला नाही. म्हणाला, "लखू, तो लोखंडी गडी कुठाय?"

"वाहून दिला, काका."

या खेळवाल्यांची चाल तशीच होती. जे चित्र खेळातून निघालं, ते घरात ठेवायचं नाही. नदीत सोडायचं आणि घरातलं माणूस गेल्यासारखं सुतक धरायचं.

"मग दुसरा काप."

"दोनदा कापून बघितला. तसा हात हलत नाही त्याचा."

भिवबा म्हणाला, "त्या दिवशी मी रडलो होतो रे."

लखू साधूची घडी घालत होता. घडी पुरी घालून झाल्यावर तो म्हणाला, "मग तेव्हाच सांगायचं होतंत, काका. मी बुवांना नव्हतं विचारलं. तुम्हाला विचारलं होतं."

त्या वर्षी बारा गावांनी साधू बघितला आणि भरपूर झोप काढली. भिवबा आपलं गाठोडं घेऊन डोंगरापलीकडे खेळ मागायला गेला. तिथे लोक त्याला विचारत, तुझ्याकडे उडत्या बाजेची गोष्ट आहे का?

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या बापांनो, ध्यानात ठेवा: जे बघून आपला ऊर भरून आला, त्याचा निवाडा दुसऱ्याच्या सुपारीवर टाकू नये, आणि जळफळाटापायी आपलं आवडलेलं तर मुळीच गिळू नये.