पाखरांचे परळ

पूर्वी कुशावर्त नगरात महीधर नावाचा राजा सुखाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व बैलगाड्यांचा तांडा घेऊन देशोदेशी व्यापार करणारे सार्थवाह होते. एकदा ते मुलाबाळांसह वाळवंटाच्या वाटेला लागले. वाटेतले पाणवठे आटले होते, सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती. सार्थवाहांची लेक उत्पला हिचा बैल पांढऱ्या तर चालता चालता गुडघे टेकू लागला. वासरू असल्यापासून तिने त्याला हाताने चारा भरवला होता. तो जातो की राहतो, या धास्तीने पोरीचा जीव टांगणीला लागला.

दुपार कलल्यावर एक विहीर दिसली. ती राखणाऱ्या म्हातारीचे नाव धानी. तिने घागर शेंदली आणि कुणालाही पाणी न देता एका पसरट मातीच्या परळात ओतली.

"आधी पाखरं, मग माणसं आणि गुरं. आमच्या गावची रीत आहे," ती म्हणाली.

"माझा बैल मरायला टेकलाय, आणि हिला चिमण्यांचं कौतुक!" असे म्हणत उत्पलाने परळ ओढले. म्हातारीने ते धरले. ओढाताणीत परळ कलंडले आणि सगळे पाणी वाळूत जिरले. मुलांच्या जिभेला कुठे हाड असते? "उठली, चिमण्यांची पंगत उठली!" म्हणून तांड्यातली मुले खिदळली.

धानी रागावली नाही. "पहिलं पाणी सांडलं. आता पाखरं पिईपर्यंत दोर विहिरीत जायचा नाही," एवढेच बोलून ती झोपडीत गेली.

पहारेकऱ्यांचा नायक चंडसेन पुढे झाला. "स्वामी, आमच्या हाती तलवारी आहेत आणि समोर एक म्हातारी. आज्ञा करा."

"तलवारीनं पाणी मिळेल, चंडसेना. पण ही मुलं त्यातून काय शिकतील?" बोधिसत्त्व म्हणाले.

"बाबा, पांढऱ्या मरेल हो!" उत्पला रडकुंडीला आली.

त्यांनी तिला जवळ घेतले. "अन्न शिजलं की तुझी आई पहिला घास अग्नीला देते. तो जळून जातो म्हणून तू कधी हसलीस?"

"ती आपली रीत आहे."

"आणि ही आजीची."

तेवढ्यात धानी एक लहानसे मडके घेऊन आली. तिचे स्वतःचे पिण्याचे पाणी त्यात होते. तिने ते परळात उपडे केले आणि कोरडे मडके शेजारी ठेवून बसली. उत्पलाने तिच्याकडे नीट पाहिले. म्हातारीचे ओठही फुटलेले होते.

पाखरे येईनात. बैलांच्या घंटा वाजत होत्या, मुले कुजबुजत होती. उत्पला उठली. तिने पांढऱ्याच्या गळ्यातली घंटा मुठीत घट्ट धरली आणि मुलांना हाताने खुणावले. एकेकाने जाऊन आपल्या बैलाची घंटा धरली. सगळे वाळवंट अगदी शांत झाले.

बऱ्याच वेळाने एक होला उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि परळात चोच बुडवली. कुणी श्वासही मोठ्याने घेतला नाही.

तो उडून गेल्यावर धानीने दोर सोडला. भरलेली घागर तिने उत्पलापुढे ठेवली. उत्पलाने पांढऱ्याकडे पाहिले आणि घागरीतले पाणी आधी म्हातारीच्या कोरड्या मडक्यात ओतले.

"तू पी, आजी. मग त्याला देते."

त्या संध्याकाळी पांढऱ्या पोटभर पाणी पिऊन उभा राहिला.

कथा संपवून शास्त्यांनी, म्हणजे तथागतांनी, समोरच्या बालश्रामणेरांकडे, संघातल्या लहान शिकाऊ भिक्षूंकडे पाहिले. परदेशातून आलेल्या एका भिक्षूच्या जेवण्याच्या पद्धतीला ती मुले त्या सकाळी मनसोक्त हसली होती.

"त्या वेळची उत्पला म्हणजे आजची श्रामणेरी सुगंधा. चंडसेन म्हणजे भिक्षू वीरक. सार्थवाह मीच होतो. आणि स्वतःचं पाणी पाखरांना देणारी ती धानी म्हणजे सकाळी तुम्ही ज्याला हसलात, तो हा भिक्षू."

मुलांच्या माना खाली गेल्या. दुसऱ्याच्या रीतीपुढे आपली तहान आवरून धरणे, यालाच क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची पूर्णता, म्हणतात.