तीन राजांच्या रोटीतला वाल

ऐका तीन राजांनो, तुमची कहाणी. आटपाट बंदर होतं. की नगर होतं? सांगणाऱ्याचं वय झालं, खात्री देववत नाही. बंदरच असावं, कारण कहाणीत गलबत आहे. तिथं द्वारकी नावाची सून होती. घरात सासू भागाई आणि नणंद मंजी. नवरा गंगाजी तांडेल गलबत घेऊन गेलेला. एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले. निरोप नाही, सांगावा नाही.

एके दिवशी ती धक्क्यावर गेली. तिथं स्पेन देशाहून आलेली इसाबेलबाई राहत होती. ती गोड रोटी भाजत होती. कड्यासारखी गोल, वर पाकवलेली संत्र्याची साल, साखरेचे खडे. द्वारकीनं विचारलं, "बाई बाई, हा कशाचा वसा?"

"हा तीन राजांचा वसा, ताऱ्यामागून बाळदेवाच्या भेटीला गेले त्यांचा. तुला कशाला हवा? उतशील, मातशील, विसरशील."

"उतत नाही, मातत नाही, विसरत नाही. सांगा."

मग तिनं सांगितलं, "नाताळापासून बाराव्या दिवशी, राजांच्या दिवशी, मैदा घ्यावा. अंडी, लोणी, साखर घालावी, ताडीनं फुगवावा. कडं वळावं, आत एक वाल लपवावा. खाली निखारे, वर निखारे ठेवून भाजावं. माणसागणिक वाटे करावे. परगावी असेल त्याचा वाटा ठेवावा, तो त्यानंच मोडावा. वाल ज्याला सापडेल, त्याला राजे वर्षभर सांभाळतात."

"आणि वाल घालायचा राहिला तर?"

इसाबेलबाई चुलीकडं वळली. निखारे सारखे करत राहिली.

राजांचा दिवस आला. द्वारकी नवं लुगडं नेसली. सकाळीच एक वाल निवडला, जिवापाड जपला. मग पीठ मळलं, मग ते फुगलं, मग ते वळलं. तेवढ्यात दूध उतू गेलं. सासू ओरडली, "अगं, चुलीकडं बघ! राजे येतील तेव्हा येतील!" द्वारकी धावली. मग रोटी भाजली.

चार वाटे झाले. मंजीनं खाल्लं, वाल नाही. भागाईनं खाल्लं, वाल नाही. द्वारकीनं खाल्लं, वाल नाही.

मंजी हसली, "वैनी, तुझे राजे वाटेतच वाल खाऊन बसले!"

वाल गंगाजीच्या वाट्यात असेल, नाहीतर कुठंच नसेल. आपण तो घातला का? आठवेना.

सासू म्हणाली, "रडतेस काय? जा, पाणी आण. वाटा मी शिंक्यात ठेवते."

दुसऱ्या दिवशी वादळ झालं. द्वारकीनं शिंक्याला हात घातला. सासू म्हणाली, "हात काढ." तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला फुटकी फळी लागली. द्वारकीनं हात घातला. सासू म्हणाली, "हात काढ." चौथ्या दिवशी शेजारच्या खलाशाच्या घरी रडारड झाली. द्वारकी म्हणाली, "सासूबाई, एकदा मोडून बघू द्या. मला हे सोसवत नाही." भागाई उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "माझा लेक आहे तो. त्याचा वाटा तोच मोडील. हात काढ."

तेराव्या दिवशी गलबत आलं. डोलकाठी मोडलेली, शीड फाटलेलं, पण माणसं सगळी. गंगाजीनं दगडासारखा वाटा दुधात बुडवला, चावला. कट् झालं. त्यानं तळहातावर वाल काढला. द्वारकीनं वाल देव्हाऱ्यात ठेवला, राजांच्या दिवशीचं लुगडं पेटीत.

राजांनी जशी गंगाजीची वाट मोकळी केली, तशी तुमच्या-आमच्या माणसांची करोत. मोठी कहाणी लहान करून सांगितली, ती फळाला येवो.

बऱ्याच वर्षांनी द्वारकीनं ते लुगडं गोधडीसाठी काढलं. पदराच्या टोकाला गाठ होती, विसरू नये म्हणून मारलेली. सोडली तर आत वाल. भागाई शेजारीच सुईत दोरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

मग द्वारकीनं देव्हाऱ्यातला वाल उजेडात धरून पाहिला. साल सगळीकडून कोरी, गुळगुळीत होती. त्या वालानं निखारे पाहिलेच नव्हते.