करवंदाच्या जाळीतली परी

कुंदा आणि तिची आई गजरे विकून पोट भरत होत्या. त्या वर्षी अंगणातला मोगरा मात्र रुसून बसला. कळी धरायची आणि गळून पडायची.

"असंच चाललं, तर घर बंद करून मामाकडे राहायला जावं लागेल," आई म्हणाली. मामा चांगला होता, पण त्याच्या गावी नीमा नव्हती, शाल्मली नव्हती. कुंदाला रडूच आलं.

रविवारी तिघी मैत्रिणी टेकडीमागच्या रानात करवंदं खायला गेल्या. नीमाच्या डब्यात थालीपीठ, शाल्मलीच्या डब्यात शिरा आणि कुंदाच्या फडक्यात भाकरी, वर तेलात कालवलेली चटणी.

जाळीत काहीतरी लुकलुकलं.

"काजवा!" नीमा ओरडली.

"भर दुपारी कुठला गं काजवा?" शाल्मली म्हणाली.

कुंदानं काटे बाजूला सारले. आत बोटाएवढी परी होती. गुलाबी झगा, चंदेरी केस, आणि निळे-हिरवे इवलेसे पंख करवंदाच्या चिकात घट्ट चिकटलेले! परी झाली म्हणून चीक थोडाच सोडतो?

आई फणस चिरताना हाताला तेल लावते, हे कुंदाला आठवलं. तिनं चटणीवरचं सगळं तेल पंखांवर ओतलं.

"अगंबाई, झोंबतंय!"

"थोडं सोस हं, परीताई."

पंख सुटले. परीला आधी शिंक आली. भाकरी कोरडीच उरली, तेव्हा शाल्मलीनं कुंदाला अर्धा शिरा वाढला.

"माग काय हवं ते," परी म्हणाली. "पण नियम आहे. मागितलेलं मिळेल, ते तू 'जाते' म्हणेपर्यंतच टिकेल. आणि माझा निरोप घेतल्याशिवाय इथून तुझं पाऊल हलणार नाही."

"बंगला माग!" नीमा कुजबुजली.

"आमचा मोगरा फुलू दे," कुंदा म्हणाली.

"फुलला."

कुंदा तिथंच बसून राहिली. उन्हं उतरली, मैत्रिणी घाईला आल्या. निरोप घेतला की मोगरा सुकणार, मग मामाचं गाव. पण आई वाट बघत असेल. निदान आजचे गजरे तरी झाले असतील, असं मनाशी म्हणत तिनं डोळे पुसले, हात जोडले आणि रोजच्या सवयीनं म्हणाली, "येते हं, परीताई."

परी चमकली. "काय म्हणालीस?"

"आमच्यात निरोप घेताना 'जाते' नाही म्हणत. आई रागावते."

परी खुदकन हसली. "इतक्या जणांना नियम सांगितला, पण हे कुणी बोललं नव्हतं! आता मोगरा तुझाच." तिच्या पंखांतून सोनेरी उजेड सांडला, सगळी जाळी झगमगली. उजेडातूनच आवाज आला, "बरं, मीही येते हं!"

मग तिथं नुसती करवंदं उरली.

घरी अंगण पांढरंशुभ्र झालं होतं. सकाळी आईनं टोपली डोक्यावर घेतली आणि दारातून हाक दिली, "कुंदे, येते गं!"

"ये," कुंदा म्हणाली. मामाच्या गावाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.