शेंदऱ्याच्या बुंध्याशी पडलेला भुसा

झाडांनाही नावानं हाक मारत, त्या काळी एका बांधावर शेंदऱ्या आणि केळ्या असे दोन आंबे उभे होते. शेंदऱ्याला मिजास फार. सुतारपक्षी खोडावर टोचायला आला की तो फांद्या झाडून त्याला हुसकावून लावी. मग त्याला भिरूड लागली. अळ्यांनी खोड आतून पोखरलं. बुंध्याशी भुसा पडू लागला, तोही त्यानं पाचोळ्याखाली झाकला. मालकीण गोजराक्काला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिनं तीन फांद्या कापल्या, भोकाभोकांत तापलेली तार घातली. शेंदऱ्या कसाबसा वाचला.

माघात केळ्या मोहरानं भरून गेला. शेंदऱ्याला ओंजळभरच मोहर आला.

"दादा, यंदा एवढाच?" केळ्या हसला.

"माझं राहू दे. तुझ्या बुंध्याशी भुसा दिसतोय. त्या सुतारपक्ष्याला अंगावर बसू दे, तो अळ्या वेचून खाईल."

"ऐन मोहरात? सगळी शोभा जाईल माझी!" केळ्यानं पानं गाळली आणि भुसा झाकून टाकला.

वैशाखातल्या वावटळीत केळ्या बुंध्यातून मोडला. गोजराक्का दिवसभर त्याच्या कैऱ्या वेचत होती.

संध्याकाळी सुतारपक्षी येऊन शेंदऱ्याच्या खोडावर टोचू लागला.

"दुखतंय का?"

"दुखतंय. पण थांबू नकोस. माझं झालं की बांधाच्या टोकाला जा. तिथं केळ्याच्या कोयीतून उगवलेलं झाड आहे. ते नको म्हणेल. तरी जा."